मुक्कामी गाडीचा वाहक आणि कॅसिओ वाजवणारा मुलगा: नाशिकमधलं एक प्रकरण

दहावी झालेल्या मुलाला सातपूरच्या आयटीआयत इलेक्ट्रिशियनची जागा मिळाली होती. प्रवेश निश्चित करायची मुदत तोंडावर आलेली, आणि मुलगा कागदपत्रं घेऊन जायला तयार नव्हता. त्याला कॅसिओ वाजवायचा होता. आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला कॅसिओच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते. वडील एसटीत वाहक, आई अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगला. वडील माझ्याकडे एकच मागणी घेऊन आले: "ताई, याला समजावून सांगा."

सिडको भागातल्या मुलांना आणि पालकांना दहावी-बारावीनंतरच्या वाटांबद्दल सल्ला देण्याचं काम मी करते. बहुतेक घरं सातपूर-अंबडच्या कामगारांची, रिक्षावाल्यांची, एसटीतल्या लोकांची. हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिण्याचं कारण एवढंच, की अशा भांडणात सल्ला देणाऱ्या माणसाचं मन पटकन मुलाच्या बाजूने झुकतं. मुलाकडे स्वप्न असतं आणि बापाकडे 'नाही'. त्या 'नाही'मागे किती माहिती साठलेली असते, हे मला इथे नोंदवून ठेवायचं आहे.

वडिलांना काय माहीत होतं

हे वाहक बरीच वर्षं मुक्कामी गाडीवर आहेत. संध्याकाळी नाशिकहून निघायचं, आदिवासी पट्ट्यातल्या गावात रात्री गाडी लावायची, तिथेच झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत यायचं. त्या पहाटेच्या गाडीत लग्नसराईत कोण चढतं, हे त्यांनी मला तपशीलवार सांगितलं. हळदीच्या कार्यक्रमाला वाजवून परतणारी बेंजो पार्टीची, ऑर्केस्ट्राची पोरं. रात्रभर जागलेली, वाद्याच्या पेटीवर डोकं टेकून झोपलेली. तिकिटाला सुट्टे पैसे नसतात, कारण सुपारीचे, म्हणजे ठरवून घेतलेल्या कार्यक्रमाचे, पैसे अजून हातात आलेले नसतात. काहींच्या तोंडाला वास असतो. "यातला एक बी चाळीशीचा माणूस मला दिसत नाही ताई. सगळी वीस-बावीसची पोरं. मग चाळीशीचे गेले कुठं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मुलाकडेही नव्हतं. वाद्यवृंदात वाजवणाऱ्या तरुणांचं पुढे काय होतं याची पाहणी एखाद्या संस्थेने करावी असा हा प्रश्न आहे. तो या माणसाने रोज पहाटे तिकिटं देता देता स्वतःच तयार केला होता.

दुसरी गोष्ट संपाची. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२पर्यंत रेंगाळला. हे वाहक संपात होते. पगार बंद. मुलगा तेव्हा शाळेत, थोरल्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती. पतसंस्थेचं कर्ज निघालं, आईने पॅकिंगच्या कामात जादा पाळ्या धरल्या. घरात तेव्हा काय चाललं होतं हे मी खोदून विचारलं नाही. पण त्या महिन्यांतून त्यांनी जे उचललं ते त्यांच्याच शब्दांत असं: "परमनंट नोकरी पण थांबती, हे मी बघितलंय. पाना-पक्कड हातात असल तर माणूस कुठंबी चार पैसे काढतो. मला गाडीत तिकीट फाडण्याशिवाय काय येत होतं?"

म्हणजे त्यांना मुलासाठी हवं होतं ते कसब. सरकारी नोकरीची आशा त्यांनी मुलाच्या वाटेत कधी ठेवलीच नव्हती. मुलाला वाटत होतं, बापाला मुलासाठीही स्वतःसारखीच बांधीव नोकरी हवी आहे. दोघांनी याबद्दल कधी बोललेलंच नव्हतं. बाप मुक्कामी गाडीवर, मुलगा लग्नसराईत हळदीला. एकाच छताखाली दोघांच्या रात्री जुळत नव्हत्या.

तिसरं कारण त्यांनी सगळ्यांत शेवटी आणि खाली बघत सांगितलं. नातेवाईक विचारतात, "पोरगं बँडमध्ये वाजवतं म्हणे." या वाक्यात जो हेटाळणीचा सूर आहे तो कुठून येतो, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. वाजवण्याचं काम पिढ्यान् पिढ्या ज्यांच्यावर टाकलं गेलं त्यांना मान द्यायचा नाही, आणि त्यांच्या वाजवण्यावाचून आपलं एक लग्न पार पडू द्यायचं नाही, अशी ही जुनी रीत. मला तिचा राग येतो. पण हा बाप ती रीत चालवत नव्हता, तिच्याखाली दबत होता. हा फरक लक्षात ठेवला नाही तर त्याच्याशी बोलणंच शक्य होत नाही.

मुलाचं वाजवणं

मुलगा वडिलांच्या गावच्या हरिनाम सप्ताहात पेटीवाल्याच्या शेजारी बसून शिकला. सातवीत मामाने जुना कॅसिओ दिला. आता तो एका ऑर्केस्ट्रात वाजवतो: हळदी, देवीचं जागरण, वाढदिवस. एका कार्यक्रमाचे त्याला आठशे ते हजार रुपये मिळतात, तेही साऊंडवाल्याचे, गाडीचे, गायकाचे पैसे सुटल्यावर. कान तयार आहे. एकदा ऐकलेलं गाणं तो दुसऱ्या खेपेला वाजवतो. हे मी सांगते त्याला अर्थ नाही, कारण मी गाण्यातली नाही. ते कुणी पारखलं हे पुढे येईल.

मोबाइलवर पाहिलेल्या मुलाखतींतून त्याने एक सिद्धांत बनवला होता: प्रत्येक मोठ्या कलाकाराला घरचा विरोध असतो, आणि जो बापाचं ऐकत नाही तोच मोठा होतो. नावांची यादी त्याला पाठ होती. त्यात इंग्लंडच्या बीटल्स या बँडचा जॉर्ज हॅरिसनही होता. रविशंकरांकडे सतार शिकलेला गोरा म्हणून त्याला तो माहीत होता.

मी म्हटलं, "जॉर्जचे वडील काय करायचे, माहितीय?" नव्हतं माहीत. वडील शेजारी बसले होते. मी सांगितलं, "बसवर होते. आधी कंडक्टर, मग ड्रायव्हर."

लिव्हरपूलचा बसवाला

हॅरॉल्ड हॅरिसनची गोष्ट मी त्यांना जशी सांगितली तशीच इथे मांडते, कारण पुढचं सगळं त्यावरून फिरलं.

हॅरॉल्ड आधी जहाजावर होता. व्हाइट स्टार लाइनच्या बोटींवर तो प्रवाशांची उठबस करणारा स्ट्युअर्ड. समुद्रावर असताना त्याच्याकडे गिटार होती, आणि तो ती वाजवायचा. बायकामुलांजवळ राहता यावं म्हणून १९३६मध्ये त्याने बोटीवरची नोकरी सोडली. मंदीचा काळ. लिव्हरपूलमध्ये काम मिळेना. सुमारे पंधरा महिने तो बेकारभत्त्यावर होता: नवराबायको आणि दोन मुलं, आठवड्याला तेवीस शिलिंग. गिटार विकली गेली. मग बसवर कंडक्टरची नोकरी लागली, नंतर ड्रायव्हरची.

जॉर्ज हा चौथा, १९४३चा. जन्म वेव्हरट्री भागातल्या चाळीसारख्या रांगेतल्या घरात: वर दोन खोल्या, खाली दोन, संडास मागच्या अंगणात, शेगडी एकाच खोलीत. पुढे त्यांना स्पीकमध्ये नगरपालिकेचं घर मिळालं. शहराच्या टोकाला, कारखान्यांच्या आसपास, नव्याने वसवलेली कामगारांची वसाहत. सिडकोत राहणाऱ्या माणसाला ती कशी असेल हे सांगावं लागत नाही.

जॉर्ज तेरा-चौदा वर्षांचा असताना घरात एक गिटार आली. डच बनावटीची, साधी, साडेतीन पौंडांची. साडेतीन पौंड म्हणजे सत्तर शिलिंग. मधल्या वीस वर्षांत पैशाचं मोल बदललं होतं हे खरं, पण तेवीस शिलिंगांत आठवडा काढलेल्या माणसाच्या डोक्यात तो जुना हिशोब राहत असणारच. या प्रकरणातल्या वाहकांनी तो तिथल्या तिथे मांडला: "म्हणजे तीन आठवड्यांचा भत्ता."

आणि मग हॅरॉल्डने एक गोष्ट केली. त्याच्या ओळखीचा एक मित्र गिटार वाजवायचा. तो दारूचं दुकान चालवायचा आणि दुकानाच्या वरच राहायचा. दुकान गुरुवारी बंद असे. हॅरॉल्डने त्याला फोन केला आणि दर गुरुवारी दोन-तीन तास मुलाला शिकवायचं ठरवून टाकलं. जॉर्ज त्या मित्राकडे जुन्या नाचगाण्यांच्या चाली आणि त्यांचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरसमूह, शिकला. त्याच्या वयाची इतर मुलं तीन कॉर्डवर गाणी ओढत असताना त्याच्या हातात जास्त काही होतं, ते या गुरुवारांमुळे.

पण हाच हॅरॉल्ड तीन मुलांच्या भविष्याचा आराखडाही आखत होता. थोरला मेकॅनिक, मधला डेंटिंगचं काम करणारा, धाकट्याने इलेक्ट्रिशियन व्हावं, म्हणजे तिघांचं मिळून गॅरेज उभं राहील. एका नाताळला त्याने जॉर्जला इलेक्ट्रिशियनच्या स्क्रूड्रायव्हरचा संच भेट दिला. जॉर्ज १९५९मध्ये शाळा सोडून ब्लॅकलर्स नावाच्या मोठ्या दुकानात शिकाऊ इलेक्ट्रिशियन म्हणून लागलाही. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला स्पीक बस डेपोच्या सोशल क्लबच्या समारंभात जॉर्ज आणि त्याचे मित्र वाजवायला होते. क्लबचा अध्यक्ष होता हॅरॉल्ड.

इथे मी थांबले, कारण वाहक काहीतरी पुटपुटले. काय म्हणालात विचारल्यावर मोठ्याने म्हणाले, "म्हणजे स्क्रूड्रायव्हर बी त्यानंच दिला आणि सुपारी बी त्यानंच दिली."

हेच मला म्हणायचं होतं. हॅरॉल्ड मुलाच्या विरोधात होता की बाजूने, असा प्रश्न विचारला की त्याचं सगळं आयुष्य निसटून जातं. स्क्रूड्रायव्हरचा संच आणि गुरुवारची शिकवणी एकाच ठिकाणाहून आलेल्या आहेत: त्या पंधरा महिन्यांतून. वाद्य विकायला लागणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. म्हणून मुलाला वाद्य असावं असंही त्याला वाटलं, आणि वाद्य विकायची पाळी येऊ नये म्हणून हातात दुसरं काम असावं असंही वाटलं.

मुलाने विचारलं, "पण शेवटी जॉर्जने नोकरी सोडलीच ना?" सोडली. ऑगस्ट १९६०मध्ये, सतराव्या वर्षी, तो मित्रांबरोबर जर्मनीत हॅम्बुर्गला गेला. आईवडिलांनी जाऊ दिलं. तिथे रात्री-अपरात्री क्लबमध्ये वाजवायचं होतं आणि मुलगा अठराच्या आतला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी त्याला वयाच्या कारणावरून देशाबाहेर काढलं. लहान वयात रात्रीच्या कामाला पोराला पाठवताना बापाच्या पोटात जी भीती असते ती खरी ठरायला जेमतेम तीन महिने लागले.

मुलाच्या सिद्धांताला माझा खरा आक्षेप इथे होता. शेवट माहीत असला की आपण बापाला उलटं वाचतो. १९५९च्या लिव्हरपूलमध्ये गिटार घेतलेली कामगारांची पोरं गल्लोगल्ली होती. त्यातली बहुतेक पुढे इलेक्ट्रिशियन, गवंडी, बसवालेच झाली. हॅरॉल्डच्या हातात तेव्हा जी माहिती होती तिच्यावर त्याचा सल्ला चुकीचा नव्हता. जॉर्जचं नशीब आणि मेहनत वेगळ्या थराची निघाली, एवढ्याने बाप मूर्ख ठरत नाही. आणि मुलगा जगभर गाजत असताना, अगदी १९६५पर्यंत, हा माणूस बस चालवत होता. मग मुलाने सांगितलं, पुरे झालं, आता मी बघतो. १९७४मध्ये जॉर्जच्या अमेरिकेच्या दौऱ्यात बरोबर रविशंकर होते, आणि हॅरॉल्डही होता.

एक गोष्ट जाता जाता. नाशिकमध्ये संगीताचं नाव काढलं की पलुस्करांचा दाखला येतो. पंडित द. वि. पलुस्कर नाशिकचे, वडील विष्णु दिगंबर. आम्हाला अभिमान आहेच. पण तिथे बापच गायनाचार्य होता. पोराला कुठल्या पट्टीत बसवावं हे ज्याच्या बापाला कळतं, त्याचं उदाहरण कंडक्टरच्या घरात उपयोगाचं नाही. कंडक्टरला कंडक्टरचंच उदाहरण लागतं.

मग काय केलं

मी वाहकांना एकच विचारलं: "तुमच्या ओळखीत पेटी कोण चांगली वाजवतं?" ते बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मेकॅनिक आहेत, भजनी मंडळात पेटीवर असतात, लोक लांबून ऐकायला येतात. फोन त्यांनी माझ्यासमोरच लावला. मुलगा बापाकडे बघत राहिला. बापाला असा कुणी माणूस माहीत असेल हेच त्याला माहीत नव्हतं.

या निवृत्त मेकॅनिकांनी मुलाला ऐकलं आणि निकाल रोखठोक दिला. कान उत्तम, बोटं आळशी. पोरगं सगळी गाणी एकाच पट्टीत वाजवतं आणि गायकाला हवी ती पट्टी ट्रान्सपोजच्या बटणावर आणतं. ऑर्केस्ट्रात ते खपतं. पण बटण नसलेल्या पेटीवर बसवलं आणि काळी दोन (दुसऱ्या काळ्या पट्टीपासूनचा सूर) सांगितली की हात अडखळतो. भात्याच्या पेटीवर, सगळ्या पट्ट्यांतून, रोज अलंकार, म्हणजे स्वरांचे सरावाचे पलटे, वाजवायची तयारी असेल तर ये, नाहीतर नको. मुलाला हे लागलं. ऑर्केस्ट्रातल्या मित्रांनी त्याला कायम 'मास्टर' म्हटलं होतं. दोन दिवस तो गेला नाही. मग गेला.

आयटीआयचा प्रवेश त्याने मुदतीत घेतला. इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यानंतर एखाद्या कंपनीत शिकाऊ उमेदवारी करता येते. घरात काही अटी ठरल्या आणि त्या वडिलांनी घातल्या, मी नाही. सुपारी देणाऱ्याचा नंबर घरी असला पाहिजे. परतीची गाडी आधी ठरलेली पाहिजे. रात्री दहानंतर स्पीकर बंद करायचा कायदा आहे. तो पाळला जात नाही हे त्यांना माहीत आहे, तरी मुलाने दहाला वाजवणं थांबवायचं आणि पुढे डीजेवाल्याने काय करायचं ते करावं. या शेवटच्या अटीवर बरंच वाजलं. दहाला उठणाऱ्या वादकाला पुढची सुपारी कोण देणार, हे मुलाचं म्हणणं खोटं नाही. शेवटी अकरावर तडजोड झाली. बेकायदेशीर तडजोड आहे, पण ती झाली हे लपवण्यात अर्थ नाही.

सगळ्यांत कामाची ठरली ती वही. वाहकाला रोज वेबिल भरायची सवय. किती तिकिटं, किती रोकड, सगळं जागच्या जागी. त्यांनी मुलाला तशीच वही आखून दिली: तारीख, गाव, सुपारी कुणाची, ठरले किती, मिळाले किती, बाकी किती. वर्षभर भरल्यावर ती मी पाहिली. लग्नसराईची पानं गच्च. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागला की लग्नाच्या तिथी थांबतात आणि वही कोरी होते. मध्ये गणपती आणि नवरात्र तेवढे भरलेले. मग पुन्हा तुळशीच्या लग्नापर्यंत काही नाही. 'बाकी'च्या रकान्यात एकाच माणसाचं नाव पुन्हा पुन्हा. मुलाने ते स्वतः पाहिलं आणि त्या माणसाच्या सुपाऱ्या घेणं बंद केलं. बापाने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आकड्यांपुढे काही बोलायची गरज पडली नाही.

आयटीआयचा एक फायदा कुणी धरलेला नव्हता. कार्यक्रमात मांडवाची लाइन कुठूनतरी ओढलेली असते, अर्थिंग धड नसतं, आणि कॅसिओ साऊंडला जोडला की घूं असा आवाज येत राहतो. पहिल्याच वर्षात मुलाला त्यामागचं कारण कळलं. आता तो टेस्टर आणि स्वतः बनवलेला एक्स्टेन्शन बोर्ड बरोबर नेतो, आणि साऊंडवाला त्याला आधी बोलावतो.

आईबद्दल मी कमी लिहिलं, कारण ती कमी बोलली. बैठकीत ती पाळी संपवून यायची, दमलेली. एकदाच म्हणाली, की दोघं रात्री बाहेर असतात तेव्हा मी जागीच असते, याचा कुणी हिशोब धरला नाही. मग अटींमध्ये एक भर पडली: वडिलांची मुक्कामी ड्युटी असेल त्या रात्री मुलाने बाहेरगावची सुपारी घ्यायची नाही. ही अट आजवर मोडलेली नाही, असं तीच सांगते.

सध्या मुलगा दुसऱ्या वर्षात आहे. भांडण संपलेलं नाही, विषय बदलला आहे. त्याला मोठा कीबोर्ड हवा आहे, जुना चांगला मिळाला तरी तीस-पस्तीस हजारांचा. पतसंस्थेतून वडिलांच्या नावावर कर्ज काढावं, हप्ते मी भरतो, असं तो म्हणतो. वडील नाही म्हणतात. संपातल्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटून फार दिवस झालेले नाहीत. मुलाने माझं मत विचारलं तेव्हा मी वही उघडली आणि चातुर्मासाची पानं दाखवली. या महिन्यांत हप्ता कुठून भरणार, ते आधी लिहून आण म्हटलं. त्याने अजून आणलेलं नाही. निवृत्त मेकॅनिकांचं म्हणणं वेगळंच आहे: काळी पाचमध्ये हात बसेपर्यंत नवीन वाद्याचं नाव काढू नको.